मधेच उठून जायची मुभा

सरांच्या घरी कुणी गेलं, की पाण्याचा पेला पुढं करतानाच ते सांगायचे, "बसा. मधेच उठून जावंसं वाटलं तर जाऊ शकता. कारण सांगायची गरज नाही."

नवा माणूस गोंधळायचा. आपण इथं नको आहोत की काय, असं वाटून एकदा विम्याचा एजंट पाणी न पिताच निघाला. सर त्याला जिन्याच्या खालपर्यंत पोचवून आले आणि मला म्हणाले, "त्यांना मुभा होती. त्यांनी वापरली." मला हसू आलं. सर हसले नाहीत. आत ओट्यावर त्यांनी दोघातिघांना पुरतील एवढे पोहे भिजवून ठेवले होते. ते आम्ही दोघांनी संपवले.

हे वाक्य सरांनी तयार केलेलं नव्हतं. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला प्रयुक्त म्हणतात. प्रयोग सुरू करण्याआधी प्रयुक्ताला सूचना वाचून दाखवायच्या असतात आणि त्यात हे सांगावंच लागतं, की तुमच्यावर कसलीही सक्ती नाही, तुम्ही मधेच उठून गेलात तरी चालेल. तो उठला तर त्याला थोपवायचं नाही, समजूत घालायची नाही, का म्हणून विचारायचं नाही. बाकीचे प्राध्यापक हा नियम प्रयोगशाळेत पाळतात. आमच्या सरांनी तो घरी नेला होता. रस्त्यावर, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं तो त्यांच्याबरोबर असायचा.

त्यांनी कुणालाही कधी जाऊ नका म्हटलं नाही. आयुष्यात एकदा म्हणायला हवं होतं तिथं म्हटलं नाही, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी मला म्हटलं. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. ती पदवी मी अर्ध्यावर सोडून दिली होती आणि सरांनी आपला नियम मोडला म्हणून ती माझ्या हातात आली.

मी पाचोडच्या शाळेतून थेट शहरातल्या कॉलेजात आलो तेव्हा मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखायची विद्या, अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी सर वर्गात आले. हाफ बाह्यांचा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. त्यांनी खिडकी बंद केली, परत उघडली, टेबलावरचं डस्टर उचलून जागेवर ठेवलं आणि काही न बोलता बाहेर गेले. थोड्या वेळानं आत आले आणि म्हणाले, "काय पाहिलंत ते लिहा."

मी लिहिलं, सर अस्वस्थ होते. त्यांनी माझीच वही उचलली.

"तुम्ही कुठले?"

"पाचोडचा, सर."

"अस्वस्थ कुठं दिसलं तुम्हाला? कोणत्या रंगाचं होतं?"

वर्ग हसला. सर शांतपणे म्हणाले, "खिडकी बंद केली, उघडली. एवढं दिसलं. अस्वस्थ हे तुम्ही घरून येताना आणलंत. जे दिसलं ते निरीक्षण. जे आणलंत तो अर्थ. दोन्ही एका डब्यात भरू नका."

मी खाली बसलो तेव्हा मला डब्याचं काहीच आठवत नव्हतं. सर मला "तुम्ही" म्हणाले, एवढंच कानात राहिलं होतं. तोवर मला कुणी अहो-जाहो केलेलं नव्हतं. गावात मी "ए पोरा" होतो आणि शाळेत आडनाव.

हा धडा मी सुट्टीत गावी नेला. शेजारच्या काकू आईला सांगत होत्या, "काल बाजारात ती मला बघून तोंड फिरवून गेली. लई गुर्मी आली तिला."

मी म्हटलं, "काकू, तोंड फिरवलं एवढंच दिसलं ना? मागून म्हैस येत असंल."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हाक मारली. "अहो भावजी, पोरगं शिकायला घातलं व्हय तुम्ही? म्हशीची बाजू घ्यायलंय."

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "म्हैस होती का, हे पण विचारायला हवं होतं."

विचारणं हा त्यांचा दुसरा छंद. लोकांना वाटायचं, मानसशास्त्राचा माणूस म्हणजे याला न सांगता कळणार. लग्नसमारंभात पाहुणे त्यांच्यासमोर बसायचं टाळत. ते वैतागून म्हणत, "मला काही कळत नाही. विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि विचारलं की लोक ठीक म्हणतात." म्हणून ते ठीक हे उत्तर घ्यायचेच नाहीत. एकदा मी त्यांच्याबरोबर क्रांती चौकातून रिक्षानं टीव्ही सेंटरला, त्यांच्या घरी, निघालो होतो. सरांनी रिक्षावाल्याला विचारलं, "भाई, आज कैसा लग रहा?"

"ठीक है साब."

"ठीक मतलब कैसा?"

"अच्छाच लगरा."

"सुबह से अच्छा, या अभी अभी?"

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "क्या साब, बैठे तब से पूछरे. सिग्नल पे पुलिस भी इत्ता नै पूछती." थोडं पुढं गेल्यावर मात्र तो आपणहून बोलायला लागला. त्याचा मुलगा पुण्याला कामाला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. सर पुढं वाकून ऐकत राहिले. उतरताना रिक्षावाला म्हणाला, "घर में भी कोई नै पूछता साब." सर म्हणाले, "हां. मालूम है." आणि पायऱ्या चढून गेले.

सरांना हे कसं मालूम, ते मला दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या वेळी थोडं थोडं समजलं. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपापला प्रयुक्त आणायचा, अशी आमच्या विभागाची पद्धत होती. शहरातल्या मुली बहिणींना आणत, मुलं मित्रांना. माझं शहरात कुणी नव्हतं. मी दारात उभा राहिलो. सर म्हणाले, "या. मी आहे ना." नंतर कळलं, ज्यांना कुणी नाही अशा सगळ्यांचे प्रयुक्त वर्षानुवर्षं सरच होते.

टेबलाच्या मध्ये लाकडी पडदा असतो. एका बाजूला प्रयोग घेणारा, दुसऱ्या बाजूला प्रयुक्त. पडद्याच्या खिडकीतून मी निरर्थक शब्द दाखवायचे आणि त्यांनी पाठ करून म्हणून दाखवायचे. मी सूचना वाचल्या. सरांनी सगळे शब्द एका दमात म्हणून दाखवले. अर्थात. ते त्यांना कैक वर्षांपासून पाठ होते.

"माझा निकाल कामाचा नाही," पडद्यामागून आवाज आला. "मी बिघडलेला प्रयुक्त आहे. उद्या शिपायाला बसवा. पण आता सुरू केलंय तर शेवटपर्यंत घ्या. शेवटचा प्रश्न राहिलाय."

प्रयोग संपला की प्रयुक्ताला विचारायचं असतं, की करताना तुम्हाला काय वाटलं. त्याला अंतर्निरीक्षण म्हणतात. बहुतेक प्रयुक्त सांगतात, मजा आली, कंटाळा आला, आणि मोकळे होतात. मी विचारलं.

पडद्यामागं खुर्ची पुढं सरकल्याचा आवाज झाला. मग सर बोलायला लागले. "मधे बाहेरून कुणाच्या तरी डब्याचा वास आला. मेथीची भाजी. लसणाची फोडणी होती. मला वाटलं, ही भाजी कुणीतरी सकाळी उठून निवडली असेल. निवडताना कुणाशी बोलत असेल का? मग तुम्ही पुढचा शब्द दाखवला. मला राग आला थोडा. तुमचा नाही. शब्दाचा." ते बोलत राहिले. मेथीवरून आईवर गेले, आईवरून अंबाजोगाईच्या एका गल्लीवर. मी लिहीत राहिलो. बाहेर पुढचा विद्यार्थी ताटकळत होता. सर दरवर्षी इतक्या जणांचे प्रयुक्त का होतात, ते मला त्या दिवशी कळलं. त्यांच्यासमोर बसून त्यांना हा प्रश्न विचारणं आमच्यासाठी अभ्यासक्रमात सक्तीचं होतं.

विभागानं जुना पडदा मोडीत काढला तेव्हा सर तो रिक्षात घालून घरी घेऊन गेले. मी त्यांच्याकडं पुस्तक मागायला गेलो तर पडदा जेवायच्या टेबलावर, मधोमध. एका बाजूला सरांचं ताट.

"हे कशाला, सर?"

"समोरची खुर्ची रिकामी दिसते," सर भात कालवत म्हणाले. "पडदा असला की पलीकडं कुणी नाही असं म्हणता येत नाही. दिसत नाही एवढंच म्हणता येतं."

मला हसावं की काय ते कळेना. सरांच्या पत्नीला मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "मॅडम कधी येतात?"

"अंबाजोगाईला असतात. तिथल्या शाळेत शिकवतात."

"सुट्टीत येत असतील."

"त्यांनी जायचं ठरवलं होतं," सर म्हणाले. "मुभा होती."

तिसऱ्या वर्षाच्या ऐन हिवाळ्यात अण्णांची कंबर धरली. अण्णा पाचोडच्या मोसंबीच्या आडतीवर गाड्या भरायचं काम करत. हंगाम सुरू होता. त्यांच्या जागेवर दुसरा माणूस उभा राहिला असता तर ती जागा परत मिळाली नसती. म्हणून मी जाऊन उभा राहिलो. मला कुणी कॉलेज सोड म्हटलं नाही. कुणी कॉलेजला जा असंही म्हटलं नाही. दिवसभर क्रेट उचलायचे, संध्याकाळी अंगाला मोसंबीखाली अंथरायच्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास घेऊन घरी यायचं. प्रात्यक्षिकं जवळ आली तेव्हा मी सरांना मेसेज केला, की मी आता येणार नाही.

सरांचं उत्तर आलं, "ठीक आहे. कारण सांगायची गरज नाही."

मी तो मेसेज वाचून आडतीच्या मागं जाऊन बसलो. सर सगळ्या जगाला विचारतात. मला विचारतील असं मला वाटलं होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो, तर दारात सर उभे. गळ्यात स्टॉपवॉच तसंच. गर्दीतून विचारत विचारत आले होते. "मी आलो ते चालेल का? नको असेल तर जातो."

अण्णा बाजेवरून उठायला लागले आणि कळ येऊन परत आडवे झाले. "असं काय बोलता सर? या, बसा. जेवल्याबिगर जायचं नाय."

आईनं पदर सावरला आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "काही भानगड केली का रं तू कॉलेजात?"

सर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी अण्णांना विचारलं, "मुलानं शिक्षण सोडलं. तुम्हाला काय वाटतंय?"

"मला?" अण्णा हसले. "मला काय वाटायचंय सर. ठीक आहे."

सर नुसते बघत राहिले. मला ती शांतता माहीत होती. अण्णांना नव्हती. ते छताकडं बघायला लागले, मग भिंतीकडं. "वाटतं ना," ते शेवटी म्हणाले. "पोरगं माझ्या जागेवर उभं राहिलं, त्याची लाज वाटती. पण जागा गेली तर खायचं काय, ह्याची भीती वाटती. लाजंपेक्षा भीती लई मोठी हाय, सर."

सरांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "खोटं कशाला बोलू? पोरगं घरी आलंय, डोळ्यासमोर हाय, मला बरं वाटतंय. पण रात्री झोपंत बडबडतंय. पेपरचं बडबडतंय."

मग सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मला सोडायचंय, सर. मी ठरवलंय."

सर उठले. नियमाप्रमाणे त्यांनी उठायलाच हवं होतं. पिशवी खांद्याला लावली, अण्णांना नमस्कार केला, चपला घातल्या. अंगणापर्यंत गेले. आणि तिथून चपलांसकट परत घरात आले.

"हे मी करायला नको," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "तुम्ही ठरवलंय. मला समजूत घालायचा अधिकार नाही. तरी मी सांगतोय, सोडू नका. परीक्षेपुरतं या. मी विनंती करतोय. जाऊ नका सोडून."

अण्णांनी आईकडं पाहिलं. मग म्हणाले, "सर, चपला काढून बसा. बघू काहीतरी."

बघू म्हणजे काय, ते जेवताना ठरलं. माझा थोरला चुलतभाऊ परीक्षेपर्यंत आडतीवर माझ्या जागी उभा राहणार. अण्णा बसून मोसंबी निवडायचं काम करणार, ते वाकून करावं लागत नाही. आडतवाल्याला आई सांगणार, कारण आईपुढं त्याचं काही चालत नव्हतं.

सरांना बसपर्यंत सोडायला मी निघालो. बाजार उठत आला होता. गाडीची वाट बघत उभे असताना सर आपणहून बोलायला लागले.

"मॅडम गेल्या त्या दिवशी मी त्यांना रिक्षा आणून दिली. बॅगही मीच खाली नेली. कारण विचारलं नाही. मला वाटलं, मी फार चांगला वागतोय. रिक्षात बसायच्या आधी त्यांनी मागं वळून पाहिलं. मग परत एकदा पाहिलं. मी ते पाहिलं, व्यवस्थित पाहिलं." सर थांबले. "अर्थ काढला नाही."

गाडी दिसते का म्हणून मी रस्त्याकडं पाहिलं.

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "अनोळखी माणूस आपल्यासमोर बसतो, त्याच्यासाठी बरोबर आहे. घरच्या माणसाला तो लावायचा नसतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मला लावता आला, मी लावला. तुमचा मेसेज आला तेव्हा पण लावला. मग झोप आली नाही."

गाडी आली. सर चढले.

मी परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा आईनं दिलेला पेढ्यांचा पुडा घेऊन मी सरांकडं गेलो. टेबलावर पडदा होताच. पेढा खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "सर, तुम्ही माझ्या घरी आलात तसं अंबाजोगाईला जा."

"त्यांनी बोलावलं नाही."

"मी तरी कुठं बोलावलं होतं?"

सर माझ्याकडं बघत राहिले. यावेळी ती शांतता मी मोडली नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला, की शनिवारी अंबाजोगाईला जातोय आणि त्याच दिवशी परत येतोय. अंबाजोगाईची गाडी पाचोडवरून जाते. मी संध्याकाळी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. का ते मला सांगता येणार नाही. दोघं येतील असं मला वाटत होतं आणि मला ते पाहायचं होतं.

गाडी आली. लोक उतरले. सरांच्या वयाची एक बाई पिशवी सांभाळत उतरली तेव्हा मी दोन पावलं पुढं झालो, पण ती सरळ भाजीवाल्याकडं गेली. मी खिडक्यांमधून शोधलं. सर पुढच्याच सीटवर होते. खिडकीशी. शेजारची जागा रिकामी होती आणि गाडीत तर माणसं उभी होती.

मी खिडकीखाली गेलो. "सर?"

"अरे, तुम्ही." त्यांना आश्चर्य वाटलं. मग त्यांनी सांगितलं, जसं निरीक्षण सांगतात तसं, एकेक. "दार त्यांनीच उघडलं. आत्ता? असं म्हणाल्या. मी म्हटलं, त्या दिवशी जाऊ नका म्हणायला हवं होतं, ते म्हणायला आलोय. त्या म्हणाल्या, मी मागं वळून पाहिलं होतं. मी म्हटलं, हो, मी पाहिलं होतं. मग त्या आत गेल्या. चहा केला. शाळेचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, साडेतीनची गाडी बरी पडेल, तिला जागा मिळते."

"मग?"

"मग निघालो. त्याच गाडीचं रिझर्व्हेशन होतं."

मागून कंडक्टर आला. त्याच्यामागं एक पाचोडचा माणूस बसायला जागा शोधत होता. कंडक्टरनं हातातला कागद बघितला. "काका, ही शेजारची सीट तुमच्याच नावावर बुक हाय. माणूस कुठं चढणारंय? अंबाजोगाईपासनं रिकामी चाललीय. लोक मला शिव्या द्यायलेत."

सरांनी शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मॅडमना सांगितलंत का, दोन सीट घेतल्यात म्हणून?" मी खालून विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "सांगितलं असतं तर तो दबाव झाला असता."

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. मी दाराकडं धावलो, लोकांमधून वाट काढत आत गेलो आणि त्या जागेवर बसलो. माझ्याजवळ कपडे नव्हते, पायात घरातल्या चपला होत्या आणि घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

कंडक्टरनं सरांना विचारलं, "हेच का तुमचं माणूस?"

सर खिडकीबाहेर बघत होते. "हो," ते म्हणाले. "आमचेच आहेत."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी शहराकडं निघाली.